चौथ्या दिवशीचं पाणी

मापेकाकांच्या परसातल्या स्विमिंग पूलची एकशे अठ्ठेचाळिसावी टाइल मंगळवारी सकाळी सुटून तळाशी गेली. हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. काकांची तेहेतीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती, आणि अंदाज या गोष्टीची त्यांना मनापासून चीड होती. म्हणून तर अख्खी गल्ली त्यांना मापेकाका म्हणायची. सुटलेली प्रत्येक टाइल ते जाळीने बाहेर काढत, पुसत, कडेला पेन्सिलीने नंबर घालत आणि जिन्याखाली रचून ठेवत. कशासाठी, ते विचारू नका. नोंद ठेवली की नुकसान कमी होतं असा सरकारी नोकरीत एक समज होतो, तो निवृत्तीनंतरही जात नाही.

आता स्विमिंग पूल म्हटल्यावर भलतंसलतं काही डोळ्यांपुढे आणू नका. घर बांधताना ठेकेदाराने पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला, तो चुकून भलताच मोठा खणला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. बुजवायला पुन्हा माती कुठून आणा, त्यापेक्षा आयता खड्डा मिळालाय तर होऊन जाऊ दे, असं काकांच्या डोक्यात आलं आणि होऊन गेलं. काका त्याला 'तरणतलाव' म्हणत. काकू 'खड्डा' म्हणत. गेली दोन वर्षं त्या हिरव्या पाण्यात बेडकांशिवाय कोणी उतरलं नव्हतं, तेव्हा काकूंचा शब्द जास्त बरोबर होता.

असंच चालत राहिलं असतं. पण काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून मान हलवली. "कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. रोज अर्धा तास. तीन महिन्यांनी बघू. फरक नसेल तर ऑपरेशन." ऑपरेशन हा शब्द ऐकताच काकू निघायला म्हणून ताडकन उठल्या, गुडघ्यात कळ आली, आणि परत खाली बसल्या. शहरातला सार्वजनिक तलाव होता, नाही असं नाही. पण त्याच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती, आणि इतक्या वर्षांत त्या पाटीचीच दोनदा दुरुस्ती झाली होती.

"मग आपला खड्डा," रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या. "घरात एवढा खड्डा असताना मी पाय कापून घ्यायचे? ते काही नाही. टाइल नव्याने बसवा."

"बसवू या की," काका म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पण काकांच्या मनात एक जुनी गोष्ट होती, ती अशा वेळी वर यायची. ती आताच सांगून टाकलेली बरी.

सहा वर्षांपूर्वी या टाइल बसवल्या त्या गावातल्या एका मिस्त्रींनी. माणूस कमी बोलणारा, हात सोन्याचा. शेवटचा सांधा भरून झाल्यावर त्यांनी बजावलं होतं, "काका, एकवीस दिवस पाण्याचा थेंब नको. मसाला आतून धरू द्या." काकांनी मान डोलावली. पण त्याच गुरुवारी ऑफिसातली मंडळी काकांना निरोप द्यायला घरी यायची होती. साहेब स्वतः यायचे होते. त्यांना काय कोरडा खड्डा दाखवायचा? बुधवारी, म्हणजे चौथ्याच दिवशी दुपारी, काकू जरा पडल्या आहेत असं बघून काकांनी बागेतल्या मोठ्या नळाचं लाल चाक फिरवलं. बावीस हजार सहाशे चोपन्न लिटर पाणी. गुरुवारी मंडळींनी वाहवा केली. साहेब तर पँट दुमडून, पाय पाण्यात सोडून तासभर बसले.

तिसऱ्या महिन्यात पहिली टाइल सुटली.

"का हो, अशी कशी सुटली?" समोरच्या वकिलांनी कुंपणावरून विचारलं. त्या क्षणी काका खरं बोलून मोकळे झाले असते तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्रींनी मसाल्यात हात राखला, दुसरं काय!" एकदा निघून गेलं ते गेलं. मग तेच त्यांनी शेजारच्या मावशींना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, गल्लीच्या बैठकीत सांगितलं. तेहेतीस वर्षं लोकांच्या तराजूतली खोट पकडलेल्या माणसाने स्वतःच्या तराजूला असं बोट लावलं, आणि ते त्यांना चांगलंच कळत होतं. मिस्त्री त्यानंतर गल्लीत कधी दिसले नाहीत. बाजारात दिसले की काका रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचत उभे राहत. एका कटलरीच्या दुकानाची पाटी त्यांना तोंडपाठ झाली होती.

तर आता टाइल बदलायच्या. त्यासाठी आधी पाणी उपसायचं. काकांनी पंपाची पिशवी उघडली न उघडली तोच वकील कुंपणावर हजर.

"रस्त्याच्या गटारात सोडताय? बिनपरवानगी? अहो, सरळ कलम लागेल. आधी पालिकेत अर्ज करा."

आता कायदेशीर मार्ग सांगितल्यावर काका थांबणार थोडेच? ते उत्साहाने पालिकेत गेले. अर्ज चारपानी होता. तिसऱ्या पानावर 'जलसाठ्याचा प्रकार' असा रकाना, आणि त्यात तीन चौकोन: विहीर, तलाव, टाकी.

"स्विमिंग पूलचा चौकोन नाही," काकांनी खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं.

"मग जवळचा काय तो धरा."

"जवळचा म्हणजे अंदाजे?" काकांचा आवाज चढला. "सरकारी कागदावर अंदाजे लिहायचं?"

"आणा इकडे," म्हणत कारकुनाने 'तलाव'वर खूण केली आणि शिक्का हाणला.

आठव्या दिवशी घरी नोटीस आली. आपल्या ताब्यातील तलाव आटवण्यास मनाई असून, त्यातील मासे, पक्षी व इतर जीव यांची पाहणी होईपर्यंत पाण्याची पातळी आहे तशी ठेवावी. पाणी कमी होऊ द्यायचं नाही म्हणून काका रोज सकाळी पट्टी घेऊन पातळी मोजायला लागले, आणि उन्हाने बोटभर कमी झालं की बादलीने भर घालायला लागले. जो खड्डा रिकामा करायचा तो नवरा रोज भरतोय, हे काकूंनी खिडकीतून चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली.

पाहणीला आलेले गृहस्थ मात्र भले होते. त्यांनी वहीत 'बेडूक, सुमारे सात' असं लिहिलं. काकांनी 'सुमारे'वर हरकत घेतली, तेव्हा दोघांनी वाकून पुन्हा मोजले. नऊ भरले. मग गृहस्थांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि विचारलं, "टाकी का नाही लिहिलीत? टाकी धुवायला परवानगी लागतच नाही. सांडपाणी बागेत सोडा, झालं."

तीन आठवडे गेले होते. वकील म्हणाले, "तरी कायदेशीर बाजू आता पक्की झाली." काका त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पाणी उपसलं. बेडकांना बादलीतून ओढ्यावर पोचवलं. उघडा पडलेला पूल बघायला अर्थातच सगळी गल्ली आली. शेजारच्या मावशींना या विषयातलं सगळं समजतं, कारण त्यांनी मागच्याच वर्षी न्हाणीघर नवं करून घेतलं होतं. त्या काकांना बळेच न्हाणीघर दाखवायला घेऊन गेल्या. आणि काय काम होतं ते! टाइलला टाइल अशी भिडलेली की नख शिरू नये. कोपरा न् कोपरा काटकोनात. काकांनी खिशातून टेप काढून दोन सांधे मोजले आणि त्यांना भरूनच आलं.

"मावशी, हा कारागीर कोण? मला पत्ता द्या त्याचा."

"तो ना? तो... बाहेरगावचा होता. गेला," मावशी म्हणाल्या आणि एकदम त्यांना मांजरीच्या औषधाची आठवण झाली.

वकिलांच्या गच्चीवरही नव्या टाइल होत्या. तिथेही कारागीर बाहेरगावचाच निघाला. चांगली माणसं गावात टिकत नाहीत, असं काका हळहळून म्हणाले. वकिलांना खोकला लागला.

मग काकांनी स्वतः मिस्त्री शोधायला सुरुवात केली. पहिला आला, खाली उतरला, त्याने एक सुटलेली टाइल उचलून उलटी केली. "काम झकास आहे हो. पण टाइलच्या पाठीला मसाला धरलेलाच नाही. ओला असतानाच पाणी सोडलेलं दिसतंय कोणीतरी."

काकू पायरीवर बसल्या होत्या. काका घाईघाईने म्हणाले, "बरं बरं, कळवतो तुम्हाला." आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

"काय वाईट होता?" काकूंनी विचारलं.

"त्याची नजर साफ नाही."

नजर चांगलीच साफ होती, तीच तर अडचण होती. दुसरा आला. त्यानेही टाइल उलटी केली. "आठवड्याच्या आत भरला असणार," तो म्हणाला. काकांना त्याच्या बुटांच्या चिखलाचा राग आला. तिसऱ्याने तर वकील आणि मावशी हजर असताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "घाई कोणाला झाली होती?" वकील आकाशाकडे बघायला लागले. काकांनी त्याला सांगितलं की आम्ही टाइलऐवजी रंगाचा विचार करतोय. चौथा यायच्या आधी काकांनी सगळ्या सुटलेल्या टाइल जिन्याखालून काढून माळ्यावर नेऊन लपवल्या. त्याने भिंतीवरची टाइल नुसती बोटाने ओढली, ती हातात आली, आणि त्याने ती उलटी केली. या धंद्यातल्या लोकांना टाइल उलटी करण्याची खोडच असते.

दोन आठवडे गेले. काकू आता जिना एकेक पायरी बसून उतरायला लागल्या होत्या. बसायच्या, हाताने रेटायच्या, पुढच्या पायरीवर बसायच्या. एक दिवस अर्ध्या जिन्यात बसून त्या म्हणाल्या, "अहो, मला खरंच भीती वाटते ऑपरेशनची." एरवी काकू असं बोलणाऱ्या नव्हेत. काकांनी जिन्याचा कठडा हलवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी काकू काठी आणि रिक्षा घेऊन एकट्याच बाहेर पडल्या, आणि तासाभराने त्याच रिक्षातून जुन्या मिस्त्रींना घेऊन परत आल्या. केस पांढरे झाले होते. बाकी तेच: हातात थापी, कानावर पेन्सिल, तोंडात शब्द नाही. काकांना पाटी वाचायला पलीकडे दुकानही नव्हतं.

मिस्त्री खाली उतरले. वकील, मावशी, गल्लीतली आणखी चारजणं कुंपणाशी जमली. मिस्त्रींनी एक टाइल उचलली. उलटी केली. अंगठ्याने पाठ पुसली आणि मान वर करून काकांकडे पाहिलं. काकांच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टाच्या आत गेला.

"काय झालं होतं हो मिस्त्री?" वकिलांनी विचारलं.

"झालं असेल काहीतरी," मिस्त्री म्हणाले. "जुनं खरवडून काढू. उद्यापासून येतो."

बस, एवढंच. काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो काही पडेना. शिव्या खायची तयारी करून बसलेल्या माणसाला कोणी शिव्याच घातल्या नाहीत तर त्याने करायचं काय? पुढचे दोन आठवडे काका मिस्त्रींच्या मागे मागे होते. चहा स्वतः न्यायचे. पातळी बघायची पाणसळ धरायचे. मिस्त्री ओळंबा सोडायचे तेव्हा वारा लागू नये म्हणून आडवे उभे राहायचे. दिवसातून तीन-चारदा "मिस्त्री, एक सांगायचं होतं..." असं म्हणायचे, आणि मिस्त्रींनी वर पाहिलं की "...चहात साखर बरोबर आहे ना?" असं विचारायचे. मिस्त्रींनी दोन आठवड्यांत साखरेबद्दल चाळीसेक वेळा तरी हो म्हटलं असेल. हा आकडा मात्र अंदाजाचा आहे.

शेवटचा सांधा भरला. मिस्त्रींनी थापी धुतली आणि म्हणाले, "एकवीस दिवस."

"एकवीस," काका म्हणाले. "तासातासाने मोजतो."

आणि मोजलेही. नऊ दिवस मोजले. पण दुसऱ्या बाजूने डॉक्टरीणबाईंचे तीन महिनेही ते मोजत होते, आणि ती बेरीज काही जुळेना. एकवीस दिवस थांबलं तर चालायला जेमतेम तीन आठवडे उरणार. तेवढ्यात काय फरक पडणार? आणि फरक नाही पडला तर? काकूंचं जिन्यातलं वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. वरून तर टाइल खडखडीत वाळल्या होत्या. मागच्या वेळी चौथा दिवस होता, हा नववा आहे, शिवाय मागच्या वेळी साहेबांसाठी होतं, आता काकूंसाठी आहे, अशी त्यांनी स्वतःची बरीच समजूत घातली. दहाव्या दिवशी दुपारी, काकू जरा पडल्या आहेत असं बघून, ते पावलं न वाजवता बागेत गेले आणि मोठ्या नळाला हात घातला.

हाताला नुसता दांडा लागला. चाक नव्हतं.

गवतात शोधलं. कुंडीमागे शोधलं. पक्कड आणायला म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरले, तर काकू ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, कपाटाच्या किल्लीशेजारी, लाल चाक लोंबत होतं.

"हे शोधताय?"

"हे... हे तुझ्याकडे कसं?"

"मिस्त्रींनी दिलं. काम संपलं त्याच दिवशी. म्हणाले, काकू, एकवीस दिवस हे तुमच्याकडे असू द्या."

काका मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे त्यांना माहीत आहे?"

"त्यांनी टाइल उलटी करून पाहिली की हो."

"आणि तुला?"

"त्या बुधवारी मी पडले होते, झोपले नव्हते. बावीस हजार लिटर पाणी का आवाज न करता पडतं?" काकूंनी चाक हातात घेऊन जरा फिरवलं. "मला वाटलं होतं, तुम्ही आपणहून सांगाल. सहा वर्षं वाट पाहिली. आणि हो, डॉक्टरीणबाईंना मी परवाच फोन केला. त्या म्हणाल्या, महिनाभर इकडे-तिकडे झालं तर काही बिघडत नाही, सावकाश करा. साधा फोन करून विचारायचं हे तुम्हाला सुचू नये?"

काकांना एकदम खूप दमल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

एकविसाव्या दिवशी काकूंनी जुडग्यातून चाक सोडवून मिस्त्रींच्या हातात दिलं. पाणी सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत चढत राहिलं. गल्ली कुंपणाशी होतीच. पाणी कमरेच्या खुणेला आलं आणि काका पूलच्या काठावर जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. गल्लीला वाटलं, आता आभाराचं भाषण होणार, आणि दोघं-तिघं घड्याळाकडे बघायला लागले.

"मला एक सांगायचंय," काका म्हणाले. "आणि साखरेबद्दल नाही. मागच्या वेळी मिस्त्रींनी मसाल्यात हात राखला असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी एकवीस दिवस सांगितले होते. मी चौथ्या दिवशी पाणी सोडलं. टाइल माझ्यामुळे सुटल्या. मिस्त्री, मी तुमचं नाव खराब केलं, तुमचं या गल्लीतलं काम बंद पाडलं. मला माफ करा."

वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"मापेकाका, ते आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या बुधवारी दुपारी अख्ख्या गल्लीत पाणी नव्हतं. माझ्या डोक्याला साबण होता. मी टॉवेल गुंडाळून गच्चीवर गेलो कुठे फुटलंय का बघायला, तर तुमचा खड्डा भरत होता."

"मी तर कुकर तसाच ठेवून पाण्याची वाट बघत बसले होते," मावशी म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत!"

"मग तुम्ही सहा वर्षं बोलला नाहीत?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं ना," मावशी म्हणाल्या. "आणि मिस्त्रींचं काम कुठे बंद पडलं? माझं न्हाणीघर त्यांनीच केलं. वकिलांची गच्ची त्यांचीच. या गल्लीत एक घर सोडलं नाही त्यांनी. फक्त ते मागच्या बोळातून यायचे आणि मागच्या बोळातून जायचे. तुमच्या समोर यायला नको म्हणून."

काकांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री नळाचं चाक आवळून बंद करत होते. "तुम्ही बाजारात दरवेळी ती कटलरीची पाटी वाचायचात," ते म्हणाले. "मला उगाच अवघडायला व्हायचं."

काका हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. खिशात रुमाल सापडेना, मोजपट्टी सापडली. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "भाषण झालं असेल तर मला कोणी हात देतंय का?" काका आणि मिस्त्री दोघंही धावले. काकू कठड्याला धरून एक एक पायरी पाण्यात उतरल्या. पाणी कमरेला लागलं तशी त्यांनी दोन्ही हात सोडले, आणि चालायला लागल्या. एक फूट. दोन फूट. काका काठाने त्यांच्या बरोबरीने चालत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मोजायचं विसरले. पलीकडच्या भिंतीला हात लावून काकू वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "दुखलं नाही. अजिबात दुखलं नाही."

मिस्त्रींनी काठावरच्या दोन-तीन टाइल थापीच्या मुठीने वाजवून पाहिल्या. कुठेही पोकळ वाजलं नाही. मग त्यांनी पिशवी उचलली आणि सवयीने परसामागच्या बोळाकडे वळले.

"अहो मिस्त्री, तिकडून कुठे?" काका त्यांच्यामागे धावत ओरडले. त्यांनी मिस्त्रींच्या हातातली पिशवी घेतली, घराला वळसा घालून त्यांना पुढे आणलं, आणि रस्त्याकडचं मोठं फाटक सताड उघडून धरलं.